‘14 वर्षांपासून नोकरी करतो’ हे इंग्रजीत कसे सांगावे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. प्रश्न विचारणारे गृहस्थ जून 2011 पासून एका सहकारी बँकेत नोकरीला आहेत. एका मुलाखतीत त्यांनी ‘आय ॲम वर्किंग इन धिस बँक सिन्स फोर्टीन इयर्स’ असे सांगितले. बाहेर आल्यावर बरोबरच्या एका उमेदवाराने ‘सिन्स नाही, फॉर म्हणायचे’ अशी दुरुस्ती सुचवली. घरी आल्यावर लेकीने सांगितले की, ‘आय ॲम वर्किंग इन धिस बँक फॉर फोर्टीन इयर्स’ हेही चूकच आहे. नोकरी आजही चालू असताना ‘ॲम वर्किंग’ चूक कसे ठरते, आणि ज्याला शाळेत पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात तो न संपलेल्या नोकरीला कसा काय लागतो, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. ‘टिल’ आणि ‘बाय’ यांत कायम गफलत होते, तीही एकदा मिटवावी, अशी पुस्ती त्यांनी जोडली आहे. येत्या जूनमध्ये त्यांच्या सेवेला 15 वर्षे होतील, ते कसे सांगायचे, हेही त्यांना हवे आहे.

आपल्या लेकीचे बरोबर आहे. वाक्य ‘आय हॅव बीन वर्किंग इन धिस बँक फॉर फोर्टीन इयर्स’ असे हवे. मूळ वाक्यात दोन स्वतंत्र चुका होत्या, एक कालदर्शक शब्दाची आणि दुसरी क्रियापदाची. बरोबरच्या उमेदवाराने पहिली दुरुस्त केली आणि दुसरी तशीच राहिली. गेली 26 वर्षे मी नोकरदार प्रौढांना संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवते आहे, आणि अशी अर्धी दुरुस्ती मी इतक्यांदा पाहिली आहे की, हल्ली या विषयाची सुरुवात मी इंग्रजीच्या नियमाने करतच नाही. आधी आपले मराठी वाक्य फळ्यावर लिहिते. गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

‘मी 14 वर्षांपासून या बँकेत नोकरी करतो’ या वाक्यात ‘करतो’ हा साधा वर्तमानकाळ आहे. त्यात भूतकाळाचा मागमूस नाही. 14 वर्षांचा सगळा भार ‘पासून’ या एका शब्दयोगी अव्ययाने उचलला आहे. ‘पासून’ने मागचे सांगितले की मराठी क्रियापद आजच्या दिवसावर निवांत उभे राहू शकते. इंग्रजीत हे काम एकट्या ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’वर सोडलेले नाही, क्रियापदालाही मागचा काळ स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. आपण बँकेत आहात, म्हणून आपल्याच कामातला दाखला देते. हाताने खतावणी लिहिण्याच्या दिवसांत प्रत्येक नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून शिल्लक आणली जाई. इंग्रजीतला ‘हॅव’ हे नेमके तेच काम करतो. ‘आय ॲम वर्किंग’ म्हणजे फक्त आजच्या पानावरची नोंद, आणि ‘आय हॅव बीन वर्किंग’ म्हणजे मागची शिल्लक धरून आजची नोंद. मागचा आकडा सांगायचा आणि क्रियापद मात्र कोरे ठेवायचे, हा हिशेब इंग्रजी कानाला जुळत नाही.

‘पूर्ण वर्तमानकाळ’ या नावाने आपले बरेच नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. नाव ऐकताच विद्यार्थी समजतो की क्रिया पूर्ण झाली असेल तरच तो वापरायचा. ‘मी जेवलो आहे’ या मराठी वाक्यात ते खरेही आहे. पण इंग्रजीतल्या ‘हॅव’च्या रूपाचा गाभा क्रिया पूर्ण होण्यात नसून गोष्ट आजपर्यंत पोचते, यात आहे. क्रिया संपलेली असेल तर तिचा परिणाम आजपर्यंत पोचतो, जसे ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’, म्हणजे किल्ल्या हरवल्या आणि अजून सापडलेल्या नाहीत. स्थिती चालू असेल तर ती स्थितीच आजपर्यंत पोचते, जसे ‘आय हॅव लिव्ह्ड इन सातारा फॉर सिक्स इयर्स’, म्हणजे आजही साताऱ्यातच राहतो. उलट साधा भूतकाळ वापरून ‘आय लिव्ह्ड इन सातारा फॉर सिक्स इयर्स’ म्हटले, तर ऐकणारा पुढचा प्रश्न विचारील की, मग आता कुठे राहता? इंग्रजीच्या दृष्टीने बिऱ्हाड हललेले असते. ‘फॉर सिक्स इयर्स’ हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत, यावरून हेही ध्यानात येईल की ‘फॉर’ आला म्हणजे ‘हॅव’ आलाच पाहिजे, असे काही नाही. ‘आय विल बी इन दिल्ली फॉर थ्री डेज’ असे भविष्याबद्दलही सहज म्हणता येते. ‘सिन्स’ मात्र आपल्याबरोबर ‘हॅव’ घेऊनच येतो, असे सामान्यतः धरून चालावे.

आता ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ यांची निवड. शाळेत आपण पाठ केलेले असते की ‘सिन्स’ला काळाचा बिंदू लागतो आणि ‘फॉर’ला कालावधी. नियम बरोबर आहे, पण बोलण्याच्या ओघात बिंदू कोणता आणि कालावधी कोणता हे ठरवायला सवड नसते, आणि आपल्याकडे ‘पासून’ दोघांनाही लागत असल्यामुळे मराठी कान काहीच इशारा देत नाही. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘दिवाळीपासून’ आपल्याला एकाच घडणीचे वाटतात. म्हणून मी वर्गात एक मराठी कसोटी देते. ‘पासून’ काढून टाका आणि शब्दाच्या आधी ‘गेली’, ‘गेला’ किंवा ‘गेले’ लावून पाहा. वाक्याचा अर्थ तोच राहिला तर ‘फॉर’, आणि वाक्य मोडले तर ‘सिन्स’. ‘दोन वर्षांपासून पाय दुखतो’ याचे ‘गेली दोन वर्षे पाय दुखतो’ असे होते, म्हणून ‘फॉर टू इयर्स’. ‘बऱ्याच दिवसांपासून’ याचे ‘गेले बरेच दिवस’ होते, म्हणून ‘फॉर अ लाँग टाइम’. ‘दिवाळीपासून पाय दुखतो’ याचे ‘गेली दिवाळी पाय दुखतो’ असे केले तर काहीच अर्थ लागत नाही, म्हणून ‘सिन्स दिवाळी’. ‘लहानपणापासून’, ‘सकाळपासून’, ‘लग्न झाल्यापासून’, ‘2011 पासून’ हे सगळे या कसोटीत मोडतात आणि सगळ्यांना ‘सिन्स’ लागतो. एक बारीक गोष्ट अशी की, ‘सकाळपासून’साठी आपल्याकडे सर्रास ‘सिन्स मॉर्निंग’ म्हणतात, पण इंग्लंड-अमेरिकेत ‘सिन्स धिस मॉर्निंग’ किंवा नुसते ‘ऑल मॉर्निंग’ म्हणण्याची रीत आहे.

याच कसोटीमुळे ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ हा आपला लाडका प्रयोग कुठून येतो, तेही उलगडते. मनात एकाच वेळी ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘गेली दोन वर्षे’ अशी दोन्ही मराठी रूपे उभी असतात. पहिल्यातून ‘सिन्स’ येतो, दुसऱ्यातून ‘लास्ट’ येतो, आणि तोंडातून दोन्हींची खिचडी बाहेर पडते. हवे असते ‘फॉर द लास्ट टू इयर्स’, आणि त्यातला ‘द’ गाळायचा नसतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी ‘लास्ट असेल तिथे सिन्स लावू नये’ असा सोपा नियम शिकवतात. तो चुकीचा आहे. ‘सिन्स लास्ट मंडे’, ‘सिन्स लास्ट इयर’ हे प्रयोग निर्दोष आहेत, कारण तिथे ‘लास्ट’ म्हणजे मागचा, ठरावीक, एकच सोमवार किंवा मागचे एकच वर्ष. ‘लास्ट वीक’ म्हणजे मागचा आठवडा, जो गेल्या शनिवारी किंवा रविवारी संपला, आणि ‘द लास्ट वीक’ म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस. छोट्याशा ‘द’ने केवढा फरक पडतो, हे एकदा कळले की तो आपोआप तोंडात बसतो.

‘लग्न झाल्यापासून’ यासारख्या वाक्यांत आणखी एक अडचण येते. ‘सिन्स’च्या पुढे अख्खे उपवाक्य आले तर त्यातले क्रियापद बहुतेक वेळा साध्या भूतकाळात असते आणि मुख्य वाक्यातले क्रियापद ‘हॅव’ घेते. ‘शी हॅज लिव्ह्ड इन ठाणे सिन्स शी गॉट मॅरिड.’ म्हणजे ठाण्यातले राहणे आजपर्यंत आले आहे, लग्न मात्र त्या दिवशीच लागून झाले. दोन्हीकडे ‘हॅज’ लावण्याचा मोह टाळावा.

मराठीत हीच गोष्ट सांगायचा तिसरा एक मार्ग आहे, ‘मला इथे येऊन दहा वर्षे झाली.’ यात आपण ‘राहतो’ असे म्हणतही नाही, पण अजून इथेच आहोत हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. इंग्रजीत याला फार चपखल जोडीदार आहे, ‘इट हॅज बीन टेन इयर्स सिन्स आय केम हिअर.’ इथे ‘टेन इयर्स’ असूनही ‘सिन्स’ आला म्हणून विद्यार्थी बिचकतात. पण ‘सिन्स’ दहा वर्षांना लागलेला नाही, तो ‘आलो’ या घटनेला लागला आहे. ज्यांना ‘हॅव बीन लिव्हिंग’ची लांबलचक रूपे जड जातात त्यांना मी हीच रचना आधी शिकवते, कारण ती मराठी बोलण्याच्या चालीवर चालते.

नकारार्थी वाक्यात तर आपली आणि इंग्रजीची वाट जवळजवळ एकच होते. ‘मी 2018 पासून गावी गेलेलो नाही.’ इथे मराठीनेही ‘जात नाही’ न म्हणता ‘गेलेलो नाही’ असे पूर्ण रूप घेतले. इंग्रजी म्हणते, ‘आय हॅव नॉट बीन टू माय व्हिलेज सिन्स 2018.’ ‘दोन महिने झाले, त्याचा फोन आलेला नाही’ याचे ‘ही हॅज नॉट कॉल्ड फॉर टू मंथ्स’ असे करायला कुणालाही फारसे कष्ट पडत नाहीत. म्हणून कुणी नवशिका ‘हॅव’ची धास्ती घेऊन आला की, मी त्याला पहिल्या दिवशी दहा नकारार्थी वाक्ये करायला देते आणि मग त्याच वाक्यांतले ‘नाही’ काढून टाकायला सांगते.

आता मराठी आपल्याला सगळ्यात जास्त कुठे फसवते, ते जरा जवळून पाहू. ‘तो कोपऱ्यात बसला आहे’, ‘बाळ झोपले आहे’, ‘तिने पैठणी नेसली आहे’, ‘ते दाराशी उभे आहेत’. रूपाने पाहिले तर यांतली पहिली तीन वाक्ये पूर्ण वर्तमानकाळातली आहेत, पण अर्थाने चारही वाक्यांत आत्ता चालू असलेली स्थिती आहे. बसण्याची क्रिया झाली आणि बसलेपण चालू आहे, असे मराठी पाहते. इंग्रजी त्या बसलेपणालाच चालू क्रिया मानते, म्हणून ‘ही इज सिटिंग इन द कॉर्नर’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग अ पैठणी’. ‘शी हॅज वॉर्न अ पैठणी’ असे म्हटले तर तिने आयुष्यात कधीतरी पैठणी नेसलेली आहे, असा अर्थ निघतो. म्हणजे बँकेतल्या नोकरीसाठी मराठीत वर्तमान आणि इंग्रजीत ‘हॅव’, तर पैठणीसाठी मराठीत पूर्ण रूप आणि इंग्रजीत ‘इज’, अशी नेमकी उलटापालट होते. नियम पाठ करणारा विद्यार्थी इथे हमखास आपटतो, कारण तो काळाच्या नावाला नाव जुळवत असतो. या वाक्यांना ‘पासून’ जोडले की मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ‘तो सकाळपासून दवाखान्यात बसला आहे’ म्हणजे ‘ही हॅज बीन सिटिंग ॲट द क्लिनिक सिन्स धिस मॉर्निंग.’ बसलेपण चालू म्हणून ‘सिटिंग’, मागची शिल्लक ओढायची म्हणून ‘हॅज बीन’.

‘हॅव बीन वर्किंग’ आणि ‘हॅव वर्क्ड’ यांत काय फरक, असाही प्रश्न पुढे येणारच. राहणे, काम करणे, शिकवणे अशा क्रियापदांत फरक अगदी थोडा आहे. ‘आय हॅव वर्क्ड इन धिस बँक फॉर फोर्टीन इयर्स’ हेही बरोबर आहे, फक्त ‘बीन वर्किंग’मध्ये काम अजून चालू असल्यावर जास्त जोर आहे, म्हणून मुलाखतीत तेच म्हणावे. जिथे संख्या सांगायची तिथे मात्र निवड उरत नाही, आणि इथे मराठी आपल्याला नीट वाट दाखवते. ‘सकाळपासून पत्रे लिहितोय’ म्हणजे ‘आय हॅव बीन रायटिंग लेटर्स सिन्स धिस मॉर्निंग’, आणि ‘सकाळपासून पाच पत्रे लिहिली’ म्हणजे ‘आय हॅव रिटन फाइव्ह लेटर्स सिन्स धिस मॉर्निंग’. मराठीत जिथे ‘लिहितोय’ तिथे ‘बीन रायटिंग’, जिथे ‘लिहिली’ तिथे ‘रिटन’.

काही क्रियापदे ‘इंग’ घेतच नाहीत. ओळखणे, माहीत असणे, मालकी असणे, आवडणे, विश्वास असणे या साऱ्या स्थिती आहेत, त्यांत हातपाय हलत नाहीत. ‘मी त्यांना शाळेपासून ओळखतो’ याचे ‘आय हॅव नोन हिम सिन्स स्कूल’ असे होईल, ‘हॅव बीन नोइंग’ असे कधीच होणार नाही. बँकेच्या अर्जांत आपण रोज वाचत असाल ते ‘आय ॲम हॅविंग सेव्हिंग्ज अकाउंट इन युअर ब्रँच सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य दुरुस्त केले तर ‘आय हॅव हॅड अ सेव्हिंग्ज अकाउंट ॲट युअर ब्रँच फॉर टेन इयर्स’ असे होते. ‘हॅव हॅड’ हे दोन शब्द शेजारी पाहून लोकांना छपाईची चूक वाटते, पण तिथे तेच हवेत.

ही चूक फक्त आपलीच आहे, असे समजून कुणी ओशाळून जाण्याचे कारण नाही. हिंदीत ‘दस साल से रह रहा हूँ’ असा वर्तमानकाळच आहे. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही अशा वाक्याला वर्तमानकाळ लागतो, आणि त्यामुळे जर्मन माणूसही इंग्रजी शिकताना आपल्यासारखाच ‘आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स’ असे म्हणून बसतो. आयर्लंडमधल्या बोलीभाषेच्या इंग्रजीत तर ‘आय ॲम लिव्हिंग हिअर टेन इयर्स’ असे आजही ऐकू येते, कारण तिथल्या मूळ आयरिश भाषेची घडण तशी आहे. आपल्याकडे दोन मराठी माणसे कार्यालयात इंग्रजीत बोलताना ‘सिन्स टू इयर्स’ म्हणाली तर अर्थ कुठेही अडत नाही, आणि तिथे मध्येच टोकून दुरुस्ती करणाऱ्याचे मला कौतुक वाटत नाही. मुलाखत, परदेशी पत्रव्यवहार, अर्ज आणि छापील मजकूर इथे मात्र ती नक्की सुधारावी.

कधी कधी मात्र अर्थच बदलतो, आणि तिथे सावध राहावेच लागते. माझ्या वर्गात येणारे एक निवृत्त गृहस्थ मुलीकडे परदेशी सहा महिन्यांसाठी गेले होते. शेजारीण बाईंनी विचारले, ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ यांना वाटले, येऊन किती दिवस झाले असे विचारते आहे. हे म्हणाले, ‘थ्री वीक्स.’ शेजारीण पाचव्या दिवशी निरोपाचा केक घेऊन दारात हजर झाली. ‘आर यू हिअर फॉर’ म्हणजे एकूण मुक्काम किती, आणि येऊन किती दिवस झाले हे विचारायचे तर ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ असे म्हणतात. ‘आय ॲम हिअर फॉर थ्री वीक्स’ या वाक्यात चूक काहीच नाही, पण ते पुढचे आणि मागचे मिळून सगळे दिवस मोजते. परदेशी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला उत्तर देताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा. याच्याच जोडीला आणखी एक सांगते. ‘तुम्ही इथे कधीपासून आहात?’ या आपल्या साध्या प्रश्नाचे शब्दशः ‘सिन्स व्हेन आर यू हिअर?’ असे करू नये. इंग्रजीत ‘सिन्स व्हेन’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला बरेचदा टोमण्याचा किंवा अविश्वासाचा वास येतो, ‘हे कधीपासून सुरू झाले बुवा?’ अशासारखा. ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ हाच सभ्य प्रश्न.

‘पासून’चा अजून एक पदर राहिला. मराठीत ‘पासून’ मागच्या काळाला लागतो तसाच पुढच्या काळालाही लागतो, आणि मोजणीच्या आरंभालाही लागतो. ‘सोमवारपासून शाळा सुरू होणार’ यात ‘सिन्स’ चालणार नाही, ‘स्कूल स्टार्ट्स ऑन मंडे’ असे सरळ म्हणावे. ‘दहापासून पाचपर्यंत’ याला ‘फ्रॉम टेन टू फाइव्ह’. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले, आणि या एका माहितीत दोन्ही ‘पासून’ शेजारी शेजारी बसवता येतात. ‘2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात’ याचे भाषांतर ‘इंग्लिश हॅज बीन टॉट फ्रॉम द फर्स्ट स्टँडर्ड सिन्स 2000’ असे होते. पहिली इयत्ता ही शिक्षणाची पहिली पायरी, म्हणून ‘फ्रॉम’, आणि 2000 पासूनचा काळ आजपर्यंत येऊन भिडतो, म्हणून ‘सिन्स’. हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिते आहे, आणि एवढ्या एका वाक्यावर वर्गात अर्धा तास सहज जातो.

‘टिल’ आणि ‘बाय’ यांचा घोळही असाच एका मराठी शब्दातून, ‘पर्यंत’मधून, जन्मला आहे. ‘पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘पाच वाजेपर्यंत अहवाल दे’ यांत आपण एकच शब्द वापरतो. थांबणे पाच वाजेपर्यंत सलग चालू राहते, तिथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. अहवाल देणे ही पाचच्या आत कधीतरी एकदाच घडायची गोष्ट आहे, तिथे ‘बाय’. मराठीत तपासायचे तर ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘पाचच्या आत अहवाल दे’ हे चालते, म्हणून ‘बाय फाइव्ह’. ‘पाचच्या आत थांब’ हे चालत नाही, म्हणून ‘टिल फाइव्ह’. ‘आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे’ असे लिहिले तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की हे गृहस्थ शुक्रवार उजाडेपर्यंत तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवत राहणार आहेत. ‘अनटिल’ची आणखी एक खोड आपल्यालाच नडते. आपण ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ असे म्हणतो, त्यातले ‘नाही’ उचलून ‘वेट अनटिल ही डज नॉट कम’ असे लिहिले जाते. ‘नाही’चा अर्थ ‘अनटिल’च्या पोटातच आहे, म्हणून नुसते ‘वेट अनटिल ही कम्स’ पुरते. तिथे ‘विल कम’ही लावायचे नाही.

‘अजून’ हा असाच एक बहुगुणी शब्द आहे. ‘तो अजून झोपला आहे’ याला ‘स्टिल’ लागतो, ‘ही इज स्टिल स्लीपिंग’. ‘तो अजून आला नाही’ याला ‘येट’ लागतो, ‘ही हॅज नॉट कम येट’. ‘अजून एक चहा’ याला यांतले काहीच लागत नाही, तिथे ‘वन मोअर’.

हे सगळे एकत्र कसे येते ते पाहायला शाळेतल्या रजेच्या चिठ्ठीइतके चांगले ठिकाण नाही. पालक लिहितात, ‘माय सन इज सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स लास्ट टू डेज. ही इज नॉट कमिंग टू स्कूल सिन्स मंडे. आय विल सेंड द मेडिकल सर्टिफिकेट टिल फ्रायडे.’ पहिल्या वाक्यात ‘गेले दोन दिवस’ हे रूप होते, म्हणून ‘फॉर द लास्ट टू डेज’, आणि ताप दोन दिवस मागून आजवर आला आहे, म्हणून ‘माय सन हॅज हॅड अ फीवर फॉर द लास्ट टू डेज’. ‘सफरिंग’ हा भारदस्त शब्द तापासाठी मला अनावश्यक वाटतो, पण ठेवायचाच असेल तर ‘हॅज बीन सफरिंग’ करावे. दुसऱ्या वाक्यात ‘सिन्स मंडे’ बरोबरच आहे, बिघाड क्रियापदात आहे. ‘ही हॅज नॉट बीन टू स्कूल सिन्स मंडे’ असे हवे. तिसऱ्या वाक्यात शुक्रवारच्या आत एकदाच पाठवायचे आहे, म्हणून ‘बाय फ्रायडे’. अशा चिठ्ठ्यांत पुढे बरेचदा ‘काल डॉक्टरांकडे गेलो होतो’ हेही असते आणि त्याचे ‘वी हॅड गॉन टू द डॉक्टर येस्टरडे’ असे होते. मराठीत जाऊन परत आलेल्या माणसाने ‘गेलो होतो’ म्हणणे हीच रीत आहे, पण इंग्रजीत तिथे नुसते ‘वी वेन्ट’ पुरते.

‘हॅड’ लागतो तो मागची शिल्लक आजपर्यंत न ओढता भूतकाळातल्याच एखाद्या दिवसापर्यंत ओढायची असते तेव्हा. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपण बँकेत जवळजवळ नऊ वर्षे होतात. ते सांगायचे तर ‘आय हॅड बीन विथ द बँक फॉर ऑलमोस्ट नाइन इयर्स व्हेन द लॉकडाउन बिगॅन.’ मोजणी मार्च 2020 ला थांबली, म्हणून ‘हॅव’चा ‘हॅड’ झाला, बाकी सगळे तेच. आपल्या शेवटच्या प्रश्नात हीच मोजणी पुढच्या तारखेपर्यंत न्यायची आहे. ‘येत्या जूनमध्ये मला 15 वर्षे होतील’ यातल्या ‘होतील’ साठी ‘विल’ येईल, शिल्लक ओढायला ‘हॅव’ येईलच, आणि वाक्य होईल, ‘इन जून, आय विल हॅव बीन विथ धिस बँक फॉर फिफ्टीन इयर्स.’ मुलाखतीत बोलताना जीभ अडखळत असेल तर ‘आय विल कम्प्लीट फिफ्टीन इयर्स इन जून’ म्हणावे. तेही बरोबर आहे.